स्पेनमध्ये राहून स्पॅनिश शिकायचं तर: पाद्रोनपासून 'देले' परीक्षेपर्यंत

नोकरीसाठी, शिक्षणासाठी किंवा जोडीदाराच्या बदलीमुळे स्पेनमध्ये आलेले बहुतेक जण भाषेचा वर्ग शोधायला दोन-तीन महिने लावतात. आधी घर, मग बँक, मग मुलांची शाळा, आणि वर्ग सगळ्यात शेवटी. तोवर सरकारी वर्गांच्या जागा भरलेल्या असतात आणि महागडी खासगी अकादमी तेवढी उरते. म्हणून घराची किल्ली हातात आली की त्याच आठवड्यात पुढच्या गोष्टींना लागा.

लेखात स्पॅनिश शब्द देवनागरीत दिले आहेत. त्यांतला 'थ' हा थाळीतला थ नव्हे. जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून नुसती हवा सोडायची. दक्षिणेकडे आंदालुसिआच्या बऱ्याच भागात, कानारी बेटांवर आणि सगळ्या लॅटिन अमेरिकेत त्याच जागी 'स' ऐकू येतो. 'ख'ही खाटेतला नाही, घशातून खरवडत येणारा आहे.

आधी पाद्रोन

पाद्रोन म्हणजे नगरपालिकेतली रहिवासी नोंद. नगरपालिकेला आयुन्तामिएन्तो म्हणतात. तिथे आधी वेळ घ्यावी लागते, तिचं नाव 'थिता प्रेविआ'. सोबत पासपोर्ट आणि भाडेकरार न्यायचा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. मोफत किंवा स्वस्त वर्गांच्या बऱ्याच ठिकाणी हा दाखला मागतात, आणि तोही गेल्या तीन महिन्यांत काढलेला. वर्गासाठी 'वोलान्ते' हा साधा दाखला बहुधा पुरतो. 'सेर्तिफिकादो'ची गरज न्यायालय किंवा परदेशी वकिलातीसारख्या कामांना लागते.

अडतं ते करारावर. भाडेकरार मित्राच्या नावावर असेल तर त्याची सही असलेलं संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागते. खोली घेण्यापूर्वीच "इथे पाद्रोन करता येईल ना?" असं विचारून घ्या. काही घरमालक नाही म्हणतात, आणि ते नंतर कळलं की सगळंच खोळंबतं.

नावाचा घोळही इथेच सुरू होतो. स्पॅनिश अर्जात नाव, पहिलं आडनाव आणि दुसरं आडनाव असे तीन रकाने असतात. आपलं मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, कारकून सहज 'पहिलं आडनाव' म्हणून टाकतो आणि खरं आडनाव दुसऱ्या रकान्यात जातं. पासपोर्टवर 'आडनाव' या ओळीत जे आहे तेच पहिल्या आडनावात भरा, बाकी सगळं 'नाव' या रकान्यात, आणि दुसरं आडनाव कोरं सोडा. पुढे वर्गाची नोंदणी, रहिवासी कार्ड आणि परीक्षेचं प्रमाणपत्र या सगळ्यांवर नाव अक्षरशः सारखं असायला हवं. एकात फरक पडला तर दुरुस्तीत महिने जातात.

वर्ग कुठला घ्यायचा

सगळ्यात आधी एस्कुएला ओफिसिआल दे इदिओमासची चौकशी करा. बोलताना सगळे तिला 'ए-ओ-ई' म्हणतात. या सरकारी भाषाशाळा आहेत. पहिली माद्रिदमध्ये १९११ साली सुरू झाली, आणि आता सगळ्या प्रांतांत त्यांचं जाळं आहे. प्रत्येक शाळेत प्रत्येक भाषा नसते, त्यामुळे 'एस्पान्योल पारा एक्स्त्रान्खेरोस', म्हणजे परदेशी लोकांसाठीची स्पॅनिश, शिकवणारी शाळा कुठली ते पाहा. फी प्रत्येक स्वायत्त प्रदेशात वेगळी असते, पण वर्षाचा खर्च खासगी अकादमीच्या एक-दोन महिन्यांच्या सघन वर्गापेक्षा सहसा कमीच येतो. आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी साधारण दोन तास, वर्षाला सुमारे १२० तास. काही शाळांत स्पॅनिशचा वर्षाचा अभ्यास चार महिन्यांत उरकणारे वर्गही असतात. नुकतेच आलेल्यांसाठी ते जास्त चांगले, कारण आठवड्यातून दोनच दिवस वर्ग असला की मधल्या काळात शिकलेलं विसरायला भरपूर वेळ मिळतो.

ए-ओ-ईची एक अडचण आहे. ती तुमच्या तारखांनी चालत नाही. प्रवेशाचे अर्ज वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत घेतात, उरलेल्या जागा सप्टेंबरमध्ये वाटतात, आणि चार महिन्यांचे वर्ग असतील तर आणखी एक संधी जानेवारी-फेब्रुवारीत येते. ऑक्टोबरच्या शेवटी येऊन पोचलात तर बहुधा थांबावंच लागतं.

त्या थांबण्याच्या काळात मोफत वर्ग उपयोगी पडतात. प्रौढ शिक्षण केंद्रांना 'सेपा' म्हणतात, तिथे परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवतात. क्रुस रोखा, म्हणजे रेड क्रॉस, आणि वस्तीतल्या स्वयंसेवी संस्थाही शिकवतात. माद्रिद प्रदेशात स्थलांतरितांसाठीची 'सेपी' नावाची केंद्रं आहेत. इथे वर्गात सतत नवे लोक येतात, शिक्षक पुष्कळदा स्वयंसेवक असतात, त्यामुळे धडा पुन्हा पुन्हा पहिल्या पानावर येतो. पण भाजीवाला, दवाखाना, सरकारी खिडकी यांची भाषा इथे जितकी नीट मिळते तितकी पुस्तकात मिळत नाही.

खासगी अकादमी घ्यायची ती घाई असेल तर, किंवा नोकरीच्या वेळा विचित्र असतील तर. इन्स्तितुतो सेर्वान्तेसची, म्हणजे स्पॅनिशच्या प्रसारासाठीच्या स्पेनच्या सरकारी संस्थेची, मान्यता आहे का ते पाहा. सघन वर्ग आठवड्याला २० तासांचा म्हणतात, पण तो 'तास' ५० किंवा ५५ मिनिटांचा असतो. तेव्हा दर मोजताना मिनिटांवर मोजा. वर्गात जास्तीत जास्त किती जण, पुस्तकाचे पैसे वेगळे का, आणि विद्यार्थी कमी पडले तर वर्ग बंद करतात का, हे तीन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारा. तिसरा कुणी विचारत नाही, आणि नेमकं तेच घडतं.

बार्सेलोनात राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायचं. शाळेच्या चिठ्ठ्या आणि नगरपालिकेच्या पाट्या तिथे कातालान या स्थानिक भाषेत येतात. कातालानचे अगदी सुरुवातीचे वर्ग सरकारी संस्थेतर्फे मोफत असतात. मात्र दोन्ही भाषा एकाच महिन्यात सुरू करू नका. आधी स्पॅनिश ए-दोनपर्यंत, म्हणजे सहापैकी दुसऱ्या पायरीपर्यंत, नेऊन मग कातालान घेतली की ती भराभर येते.

पातळी ठरवण्याची चाचणी

युरोपीय मोजपट्टीवर ए-एकपासून सी-दोनपर्यंत सहा पायऱ्या आहेत. मोबाइलवर सहा महिने शिकून आलेले लोक 'प्रुएबा दे निवेल' देतात, पर्याय ओळखून ए-दोनच्या वर्गात बसतात आणि पहिल्याच दिवशी गप्प होतात. कारण साधं आहे. चाचणीत ओळखायचं असतं, वर्गात बोलायचं असतं. शंका असेल तर एक पायरी खाली बसा. ए-एकचा वर्ग दोन आठवड्यांत सोपा वाटला तर शिक्षक वर हलवतात. उलट दिशेला हलायला मात्र जागा नसते.

ए-ओ-ईत प्रवेशाचा क्रम असा: पातळीची चाचणी, 'प्रेइन्स्क्रिप्थिओन' म्हणजे पूर्वनोंदणी, अर्ज जास्त असतील तर सोडत, निवडलेल्यांची यादी, मग 'मात्रिकुला' म्हणजे प्रत्यक्ष प्रवेश आणि फी. यादीत नाव आल्यावर मात्रिकुलाला मोजकेच दिवस मिळतात. कुणी फोन करून आठवण देत नाही, संकेतस्थळावर यादी लागते इतकंच. ती तारीख चुकली की जागा पुढच्याला जाते. प्रवेशानंतरही हजेरी पाहतात, न कळवता सलग गैरहजर राहिलात तर जागा जाऊ शकते.

पहिला महिना: कान आणि जीभ

मराठी माणसाला इथे मोठा फायदा आहे. स्पॅनिशमधले त आणि द आपलेच आहेत, दंत्य. 'तोमाते' म्हणताना इंग्रजीच्या सवयीने ट आणू नका. प, त, क यांच्यात हवा मिसळत नाही, तेही आपल्याला जमतं. 'न्य' सोपा आहे. साधा र आपलाच. जोरात थरथरणारा र तेवढा कमवावा लागतो, कारण 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. शब्दाच्या सुरुवातीचा र नेहमी थरथरतो.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. पहिली शेवटच्या स्वराची. आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ गिळतो, ती सवय इथे नडते. 'निन्यो' मुलगा, 'निन्या' मुलगी. शेवटचा स्वर गेला तर लिंगच गेलं. पाच स्वर आहेत, पाचही आखूड आणि स्वच्छ, शेवटचासुद्धा पूर्ण म्हणायचा.

दुसरी चूक आघाताची. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला तो ऐकूच येत नाही. 'आब्लो' या शब्दात पहिल्या अवयवावर (एका दमात म्हटल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर दिला तर 'मी बोलतो', शेवटच्यावर दिला तर 'तो बोलला'. 'पापा'चा पहिला पा जड केला तर पोप, दुसरा केला तर बाबा. नियम छोटा आहे: शब्द स्वराने, न-ने किंवा स-ने संपला तर उपांत्य अवयवावर जोर, नाहीतर शेवटच्यावर, आणि याहून वेगळं असेल तिथे अक्षरावर तिरकी रेघ. म्हणजे ती रेघ शुद्धलेखनाची शोभा नव्हे, उच्चाराची खूण आहे. वहीत प्रत्येक नव्या शब्दाचा जोराचा अवयव अधोरेखित करा.

पहिल्या महिन्यात उच्चार देवनागरीत लिहून ठेवायला हरकत नाही. ज्या रोमन अक्षराचा स्पॅनिश उच्चार 'ए' आहे ते पाहून इंग्रजीसारखं 'ई' म्हणण्यापेक्षा ते बरं. पण दुसऱ्या महिन्यापासून बंद करा. स्पॅनिश जवळजवळ लिहिली तशीच वाचतात, आणि देवनागरीचा आधार राहिला तर डोळा मूळ अक्षरांना सरावत नाही.

स्वतःचं नाव तिथे कसं वाचतील तेही शिकून घ्या. रोमन 'जे'चा उच्चार ख होतो, 'एच' मुका असतो, 'व्ही' ब-सारखा, आणि श नसतोच. त्यामुळे जोशींना 'खोसी' अशी हाक येते, जाधवांना 'खादाब', हर्षदला 'आर्साद'. दवाखान्यात आपला नंबर निघून जातो तो बहुधा याच कारणाने.

मराठीतून शिका, इंग्रजीतून नको

वर्गात शिक्षक कधी इंग्रजीतून समजावतात, पुस्तकातले शब्दार्थही इंग्रजीत असतात. आमचा आग्रह असा की वहीत अर्थ मराठीत लिहा. स्पॅनिशच्या ज्या जागा इंग्रजी बोलणाऱ्यांना महिनोन्‌महिने छळतात, त्या मराठीत आधीच आहेत.

'मे गुस्ता एल काफे' म्हणजे 'मला कॉफी आवडते'. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून गेलात तर 'मी आवडतो कॉफी' अशी वाक्यं तयार होतात.

माणूस कर्म असला की स्पॅनिशमध्ये 'आ' लावतात. 'बुस्को उन लिब्रो': मी पुस्तक शोधतोय. 'बुस्को आ मारिया': मी मारियाला शोधतोय. हा आपला 'ला' प्रत्यय. गंमत म्हणजे कुठलाही एखादा डॉक्टर हवा असेल तर 'बुस्को उन मेदिको', 'आ'शिवाय. आपणही तेव्हा 'डॉक्टर शोधतोय' म्हणतो, 'डॉक्टरांना' नाही. हा नियम पुस्तकात पानभर असतो. तुम्हाला तो पाठ करायचं काही कारण नाही.

भूतकाळ दोन आहेत म्हणून घाबरतात. 'काल समुद्रावर गेलो' ते 'फुई'. 'लहानपणी समुद्रावर जायचो' ते 'इबा'. 'जात होतो' हेही 'इबा'च. घडून संपलेलं एका बाजूला. रीत, सवय, पार्श्वभूमी दुसऱ्या बाजूला. स्पेनमध्ये आजच्या दिवसातलं सांगताना तिसरं रूप येतं: 'ओय ए कोमिदो', आज जेवलोय. काल असेल तर 'आयेर कोमी', काल जेवलो.

बी-एकला आल्यावर सुब्खुन्तिवो नावाचं क्रियापदाच्या रूपांचं प्रकरण सुरू होतं आणि वर्गातले निम्मे लोक गळतात. तिथे मराठीतलं 'यावं, करावं, समजावं' आठवा. 'किएरो बेनिर': मला यायचंय. 'किएरो के बेन्गास': तू यावंस असं मला वाटतं. 'पारा के एन्तिएन्दास': तुला समजावं म्हणून. सगळीकडे जुळत नाही, पण पहिली भीती जाते.

मराठीचा आधार सुटतो तो 'आहे'पाशी. त्याला इथे दोन शब्द आहेत, सेर आणि एस्तार. 'कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार' असं वर्गात सांगतात. तो नियम धरू नका. मेलेल्या माणसालाही 'एस्ता मुएर्तो', म्हणजे एस्तारच लागतं. काय किंवा कोण आहे ते सेर. कुठे आहे, कशा अवस्थेत आहे ते एस्तार. 'एस्तोय आबुर्रिदो': मला कंटाळा आलाय. 'सोय आबुर्रिदो': मी कंटाळवाणा माणूस आहे. अपवाद एकच लक्षात ठेवा: कार्यक्रम कुठे आहे हे सांगताना सेर येतं.

लिंगाची सवय आपल्याला आहे, तीनाऐवजी दोनच सांभाळायची. मात्र मराठी लिंग तिकडे नेऊ नका. नाम पाठ करताना 'एल' (पुल्लिंगी) किंवा 'ला' (स्त्रीलिंगी) जोडूनच पाठ करा.

तू आणि तुम्ही यांत उलटी अडचण होते. 'तू' आणि 'उस्तेद' असे दोन शब्द आहेत म्हणून आपण शिक्षकांना उस्तेद म्हणू लागतो. स्पेनमध्ये शिक्षक, सहकारी, शेजारी, दुकानदार सगळे 'तू'वर असतात, शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात, त्यात अनादर नाही. उस्तेद ठेवा वयस्क अनोळखी माणसांसाठी, पोलिसांसाठी आणि सरकारी खिडकीसाठी. अनेक जणांशी बोलताना स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' लागतं. लॅटिन अमेरिकेची स्पॅनिश शिकवणाऱ्या अ‍ॅपमध्ये हे रूप नसतं, तेव्हा त्यावर शिकून आलात तर ही गाळलेली जागा आधी भरून काढा.

इंग्रजीच्या वाटेवरचे खड्डे वेगळे आहेत. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. औषधाच्या दुकानात 'कोन्स्तिपादो' म्हटलं तर सर्दीचं औषध मिळेल, बद्धकोष्ठाचं नाही. उकडत असेल तर 'तेन्गो कालोर' म्हणा. 'एस्तोय कालिएन्ते'चा अर्थ चारचौघांत बोलण्यासारखा नाही.

कोकण-गोव्याकडच्या वाचकांना आणखी एक जवळची वाट आहे. पोर्तुगीजांकडून आलेले आपले शब्द स्पॅनिशचे चुलतभाऊ आहेत: पाव म्हणजे 'पान', साबण म्हणजे 'खाबोन', चावी म्हणजे 'यावे', बटाटा म्हणजे 'पाताता', आणि पगार हा शब्द 'पागार', म्हणजे पैसे देणे, या क्रियापदातला. ज्यांना खरंच पोर्तुगीज येते त्यांनी मात्र जपावं. वाचलेलं सगळं समजतं, म्हणून ते वरच्या वर्गात बसतात आणि बोलताना अर्धी पोर्तुगीज बोलतात.

वर्गाबाहेरचे तास

आठवड्याला चार तास वर्ग असेल तर बाहेर निदान तितकाच वेळ द्या, पण तुकड्यांत. वर्ग झाला त्याच दिवशी २० मिनिटं, त्या दिवशीची क्रियापदं सहाही रूपांत न बघता लिहून. दुसऱ्या दिवशी तोच ध्वनिपाठ तीनदा ऐकून, तिसऱ्यांदा सोबत बोलून. आणि आठवड्यातून एकदा त्या धड्यातलं काम खरोखर बाहेर जाऊन करायचं.

त्यासाठी बाजार, म्हणजे 'मेर्कादो', उत्तम. तिथे रांग दिसत नाही. पोचल्यावर विचारायचं, "किएन एस एल उल्तिमो?", शेवटचं कोण? त्या माणसानंतर तुमची पाळी. फळांना हात लावायचा नाही, मागायचं: "मे पोनेस मेदिओ किलो दे तोमातेस?" किंमत 'त्रेस कोन थिन्कुएन्ता' ऐकू आली की ती साडेतीन युरो. लिहिताना दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, आपल्या उलट. 'सेसेन्ता' साठ आणि 'सेतेन्ता' सत्तर यांत सगळे फसतात, तेव्हा घरभाडं किंवा फोन नंबर ऐकताना आकडा परत म्हणून खात्री करा.

भाषेची देवाणघेवाण, 'इन्तेर्काम्बिओ', करताना समोरच्याला तुमची इंग्रजी हवी असते. त्यामुळे घड्याळ लावा: अर्धा तास स्पॅनिश, अर्धा तास इंग्रजी, आणि स्पॅनिश आधी. नाहीतर सगळा तास इंग्रजीतच जातो. घरी सगळे भारतीय आणि ऑफिस इंग्रजीत, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांची प्रगती ए-दोनवर थांबते ती इथेच. वर्ग बदलून हे सुटत नाही. शेजारच्या क्रीडासंघात, शाळेच्या पालकगटात, कुठेतरी स्पॅनिशशिवाय भागणार नाही अशी एक जागा धरावी लागते.

ऑगस्टमध्ये वर्ग बंद असतात आणि शहरं रिकामी होतात. जूनमध्येच शिक्षकांकडून पुढच्या वर्गाचं पुस्तक विचारून घ्या.

परीक्षा

'देले' हे इन्स्तितुतो सेर्वान्तेसतर्फे मिळणारं प्रमाणपत्र, त्याला मुदत नाही. 'सिएले' ही संगणकावरची परीक्षा सेर्वान्तेस, मेक्सिकोचं राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठ, सालामान्का आणि बुएनोस आइरेस ही विद्यापीठं मिळून घेतात. तिचा निकाल लवकर येतो, पण प्रमाणपत्र पाच वर्षंच चालतं आणि नागरिकत्वासाठी धरत नाहीत.

नागरिकत्वासाठी देले ए-दोन किंवा वरची पातळी लागते, आणि सोबत देशाची माहिती तपासणारी सीसीएसई: २५ प्रश्न, ४५ मिनिटं, १५ बरोबर हवेत. तिचे ३०० प्रश्न उत्तरांसह सेर्वान्तेस आधीच प्रसिद्ध करतं, त्यामुळे ती पाठ करून निघते. भारतीय नागरिकांना त्याआधी सामान्यतः दहा वर्षांचं वास्तव्य लागतं, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, हा विचार परीक्षेच्या आधी करायचा.

देले ए-दोनमध्ये वाचन ६० मिनिटं, ऐकणं ४०, लेखन ४५, आणि तोंडी १२, त्याआधी तयारीला १२. गुणांचे दोन गट असतात: वाचन आणि लेखन एकत्र, ऐकणं आणि बोलणं एकत्र. प्रत्येक गटात ५० पैकी ३० हवेत. वाचनात पैकीच्या पैकी मिळवून ऐकण्या-बोलण्यात २९ पडले तरी नापासच. आपल्याकडचे लोक वाचन-लेखनात सहसा मागे पडत नाहीत, पडतात ते ऐकण्यात, कारण तयारी सगळी कागदावर केलेली असते. शेवटचे सहा आठवडे रोज एक ध्वनिपाठ सोडवा, परीक्षेत असतो तसा दोनदाच ऐकून. नोंदणी परीक्षेच्या बरीच आधी बंद होते आणि मोठ्या शहरांतली केंद्रं लवकर भरतात, तेव्हा जागा नसेल तर शेजारच्या छोट्या शहरातलं केंद्र घ्या. त्या दिवशी नोंदणी ज्या ओळखपत्रावर केली तेच मूळ ओळखपत्र न्यायचं, फोटो किंवा प्रत चालत नाही.